टीव्हीतून गेलेले तात्या

हॅमिल्टन, न्यूझीलंड
रविवार, २० जुलै

तीर्थरूप रमणमामांना धैर्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. खुर्चीवर रंगाचे डबे आहेत, म्हणून जमिनीवर बसून लिहितोय.)

तुमचा गुडघा कसा आहे? नीतामामी म्हणते, शिडी चढताना हल्ली तुम्ही तिसऱ्या पायरीवर थांबता आणि शिव्या देता. मी तिथे नसताना त्या कुणाला देता, हे विचारायचं राहिलं. मी इकडे बरा आहे. थंडी आहे, पण दोन स्वेटरांत भागतं. चौदा महिने तुम्ही माझा फोन उचलला नाहीत, म्हणून हा कागद. कागद वाजतच नाही, तर कट काय करणार? दुकानाच्या पाटीचंही मामीकडून कळलं. 'रमण पेंटर आणि भाचा' मधलं 'आणि भाचा' तुम्ही पांढरं केलंत. न सांगता निघून आलो, चूक माझी. त्यावर या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही.

तर गंमत अशी झाली. मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहतो त्या दमयंतीताई इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. त्यांचे मिस्टर विवेकराव कॉम्प्युटरवाले, ते काल पुण्याला निघाले, म्हणजे आज दिवसभर विमानात. घरात ताईंच्या आई श्यामलाआजी असतात. आणि टीव्हीखाली एक काळा डबा असतो. तो कॉम्प्युटरच आहे, पण नेहमीचा नाही. त्यात लिनक्स नावाचं काहीतरी आहे आणि त्याचं काम एकच, टीव्हीवर सिनेमे-व्हिडिओ दाखवणं. आजींचे यजमान तात्या चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा एक व्हिडिओ त्या डब्यात आहे. मूळ कॅसेट बुरशी लागून फुकट गेली, त्यामुळे तात्या आता जगात तेवढ्या एका ठिकाणीच. रोज चारला आजी चहा घेऊन बसतात. तात्या कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, "लागलाय का? लाल दिवा लागलाय का?" आजी रोज सांगतात, "लागलाय हो, बोला आता." मग तात्या चाळीस मिनिटं मोडकी छत्री कशी दुरुस्त करावी ते दाखवतात. (शेवटी छत्री दुरुस्त होत नाही. मी तीनदा बघितलंय.)

आज मी त्यांचा पॅसेज रंगवत होतो. ताई म्हणाल्या, भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर आहेत, ते टीव्हीवर दिसले असते तर बरं होतं, पण आता हे येईपर्यंत थांबायला हवं. मी म्हटलं, त्यात काय! तुम्हाला माझा 'त्यात काय' ठाऊक आहे. बँकेची पाटी उलटी लागली होती ती त्याच्याच पायी. पण मामा, मला खरंच बघायचं होतं. लॅपटॉप आतल्या खोलीत, डबा बाहेर, मध्ये भिंत, मध्ये वायर नाही. मग इकडची वस्तू तिकडे न नेता तिकडे दिसते कशी?

मोबाइलवर वाचलं. लॅपटॉपवरचा फोल्डर सगळ्यांसाठी खुला करायचा, ते ताईंनी केलं. मग डब्याला एक हुकूम द्यायचा, की तो फोल्डर आणून तुझ्या अमुक फोल्डरवर बसव. याला माउंट करणं म्हणतात. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला हे कसं जमलं म्हणाल, तर तुमच्यामुळेच. इंग्रजी पाट्या आपण अर्थ न कळता रंगवायचो, अक्षराला अक्षर, फटीला फट. हुकूमही तसाच उतरवला. पहिल्यांदा एक फट राहिली, नकार आला. मग पासवर्ड चुकला, नकार आला. मग लॅपटॉपच झोपला. (तो दर दहा मिनिटांनी झोपतो. ताई त्याला जागं ठेवायला बिनवायरचा माउस बाहेर आणून हलवत बसल्या. हॉस्पिटलात त्यांच्या हाताखाली वीस माणसं आहेत म्हणे.) सहाव्यांदा डबा काहीच बोलला नाही. लिनक्सचं तुमच्यासारखंच आहे, काम पसंत पडलं की गप्प.

टीव्ही लावला तर भाचीचा संगीताचा कार्यक्रम दणक्यात सुरू! ताई म्हणाल्या, "अरे वा धैर्यशील, स्वीट अ‍ॅज!" (इकडे 'झकास'ला असं म्हणतात.) मी फुगलो. तेवढ्यात चार वाजले आणि आजी चहा घेऊन आल्या.

तात्या नव्हते. सबंध फोल्डरमध्ये नुसती भाची.

"ही कोण नाचतेय?" आजी म्हणाल्या. "आणि हे कुठे गेले?"

मी म्हटलं, येतायत. (दुसरं काय म्हणणार होतो?) मामा, मी मोबाइल परत उघडला. मोबाइलवर एक ओळ मी वगळली होती, 'आधी रिकामा फोल्डर बनवा'. मी म्हटलं कशाला, 'व्हिडिओ' नावाचा आयता आहे की! तोच सांगितला. त्यात तात्या होते. ताईंचा चेहरा उतरला, पण आईसमोर त्या नुसता माउस जोरजोरात हलवत राहिल्या. आजी म्हणाल्या, "चहा निवतोय रे. त्यांना सांग."

आता ऐका, इथे मला गंमत वाटली. घाबरलेल्या माणसाला गंमत वाटू नये, पण वाटली. डब्याच्या पोटात किती माल भरलाय ते बघायचा एक हुकूम आहे. सकाळी तो सहज देऊन बघितला होता. आता परत दिला, तर आकडा तेवढाच, तसूभरही कमी नाही! तात्या पुसले गेले असते तर पोट हलकं नको का व्हायला? म्हणजे आतच आहेत, फक्त दिसत नाहीत. मग डोक्यात उजेड पडला. कराडच्या त्या जुन्या क्लिनिकची भिंत आठवते? पोपडा निघाला तर खाली हिरवा, त्याखाली गुलाबी, त्याखाली कुणीतरी काढलेला मोर. मोर कुठे गेलाच नव्हता. माउंट म्हणजे वरून दिलेला रंगाचा हात. भाचीचा हात तात्यांवर बसला होता, इतकंच.

मग मी माउंट काढायचा हुकूम दिला, भाची उतरली आणि तात्या जसेच्या तसे! "लाल दिवा लागलाय का?" आजी म्हणाल्या, "लागलाय हो. आज उशीर केलात." ताई उठून किचनमध्ये गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभ्या राहिल्या. मी नवा रिकामा फोल्डर बनवून भाचीला तिथे बसवलं. आता दोघंही नांदतायत.

मामीला नमस्कार. ब्रश टर्पेंटाइनमध्ये फार दिवस ठेवू नका, केस वाकतात. (हे तुम्हीच शिकवलंत, पण आठवण केलेली बरी.)

तुमचा,
धैर्या

ता. क. माउंट मी काढलं असं वर लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. हुकूम दिला होता, पण डबा म्हणाला फोल्डर कामात आहे, कारण भाची नाचतच होती. आणि आजी ती बंद करू देईनात. "थांब, हिचं होऊ दे," म्हणाल्या. मग त्यांना थंडी वाजली. हीटर लावायला त्यांनी पहिला हाताला आलेला प्लग उपटला, तो डब्याचा. परत लावल्यावर डबा नव्याने सुरू झाला. माउंट कायमचं लिहून ठेवायचं असतं, ते मी लिहिलंच नव्हतं. त्यामुळे भाची गेली नि तात्या आले. पण पोटाचा आकडा मीच काढला, देवाशपथ.

ता. क. पॅसेजची भिंत मात्र तुमच्या नियमाने केली. खरवडल्याशिवाय हात नाही.

ता. क. आता पाटीबद्दल. 'आणि भाचा'वर तुम्ही नुसता पांढरा हात मारलात की आधी खरवडलंत? मामीला विचारलं, तिला फरक कळत नाही. नुसता हात असेल तर खाली मी आहे, मग मला घाई नाही. पत्राचं उत्तर नको. एकदा फोन उचला, 'खरवडलं' किंवा 'नाही' एवढं म्हणा आणि कट करा. तुमचा नियम मला पाठ आहे, त्याचीच धास्ती आहे. पण पाटी सातव्या पायरीवर, आणि तुम्ही थांबता तिसरीवर. एवढ्या उंचीवर जेमतेम एक हात मारून माणूस उतरत असेल, खरवडत कोण बसतंय? मामा, चौदा महिने मी रोज देवाला सांगतोय की तुमचा गुडघा बरा होऊ दे. पण माफ करा, पाटी पांढरी केलीत त्या एका दिवशी तरी तो चांगलाच ठणकलेला असू दे.