बारा वाजण्यापूर्वी

विहीणबाईंना वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे अर्धीच वाकले आहे, उरलेला अर्धा समजून घ्या.)

तुमच्या कंबरेचा पट्टा सुटला का, रक्तदाब कुठवर चढला, आणि चढला असेल तर त्यात माझा वाटा किती, हे विचारायला हे पत्र. माझं म्हणाल तर दात सोडून सगळं जागच्या जागी आहे आणि दात वाटीत आहेत.

अक्षर बघून दचकू नका. एवढं वळणदार अक्षर माझं नाही, माझ्या खोलीखाली दुकान थाटलेल्या शिंपिणीचं आहे. मी सांगते, ती लिहिते. बदल्यात एका पानामागे दहा शर्टांची बटणं मी लावून द्यायची असं ठरलं आहे. ती मघाशी म्हणाली, आजी, तुम्ही मधेच आवाज खाली करून पुटपुटता ते लिहू की नको? मी म्हटलं, कंसात टाक. तेव्हा जे जे कंसात दिसेल ते मी मान खाली घालून बोलले असं धरा. पत्र दुसऱ्याच्या हातचं का, तेही सांगते, पण त्याला थोडा वळसा आहे. तुम्ही शाळेत पोरांना म्हणत असाल, मुद्द्यावर या. मी मुद्द्यावर यायला सत्तर वर्षं घेतली, अजून दोन पानं घेईन.

तर आपली ती समुद्राकाठची सहल. तुम्ही महिनाभर खपून आखलेली. फोनवरचा नकाशा तुम्हाला पटत नाही (मलाही नाही, ती बाई फार आज्ञा सोडते), म्हणून एका लांब कागदावर तुम्ही सगळा रस्ता मांडलात. ठिकाणं निळ्या शाईनं, वेळा लाल शाईनं, आणि गुणपत्रिकेची सवय म्हणून वेळासुद्धा आकड्यांत न लिहिता अक्षरांत. पुलापाशी चहा, पुढे दीपगृह, मग बोट, रात्री बेटावर मुक्काम, सकाळच्या पाण्याबरोबर परत, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं घरी. सगळी सहल त्या एका बोटीभोवती बांधलेली, हे मला कळत होतं. बेटावरच्या एका खोलीच्या शाळेत तुमची पहिली नोकरी, तिथली तेव्हाची पोरं आता पिकल्या केसांची, ती तुम्हाला घ्यायला धक्क्यावर येणार, आणि दोन दिवसांनी बोटी पावसाळ्यापुरत्या बंद. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की त्या पोरांच्या खोड्या मला पाठ झाल्या होत्या.

मागे बसलं की मला गाडी लागते, म्हणून मी पुढे, जावयांच्या शेजारी. पुढे बसेल त्यानं कागद धरायचा. तुम्हाला तर कुठेही बसलं तरी गाडी लागते, म्हणून तुम्ही गोळी घेतलीत आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, “सगळं यात आहे. कागदाबाहेर जाऊ नका.” आणि माझ्या लेकीच्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागलात. (घोरता. आजवर कोणी सांगितलं नसेल. जिथे मी एवढं कबूल करणार आहे तिथे तुमचंही एक असू द्या.)

दीपगृहापाशी जावयांनी विचारलं, “आई, बोट कितीची लिहिलीय?” मी चष्मा वर केला, खाली केला, कागद लांब धरला. बोट वाचलं. बारा वाचलं. मग वाज. त्याच्यापुढे एकात एक अडकलेल्या अक्षरांचा गुंता. मी म्हणाले, बारा वाजल्यावर.

आता सांगते, बाई. (शिंपिणीनं हात थांबवला आहे आणि माझ्याकडे बघते आहे. लिही ग बये.) मला जोडाक्षरं येत नाहीत.

दुसरीत होते. बाराखडी झाली होती, साधे शब्द झाले होते, गुरुजी म्हणाले जोडाक्षरं सुट्टीनंतर. सुट्टी लागली, आई आजारी पडली, धाकट्या तिघांना मी सांभाळायला लागले. ती सुट्टी अजून संपलेली नाही. जोडाक्षर आलं की मी रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा वळसा घालते आणि पुढच्या सोप्या अक्षरावर चाक टेकवते. मधलं अंदाजानं भरते. एवढ्या वर्षांत अंदाज इतका बसला आहे की दहातले नऊ बरोबर येतात. सोयरीक ठरताना मी तुम्हाला सातवी शिकले म्हणून सांगितलं होतं. तुम्ही मुख्याध्यापिका, मी आपली बटणं लावणारी. वाटलं, पाच इयत्तांनी कुणाचं काय जातं.

आणि तुम्ही दर वाढदिवसाला मला पुस्तक देता. एकदा विचारलंत, शेवट कसा वाटला? मी म्हणाले, असं व्हायला नको होतं. तुम्ही किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिलात आणि मग लेकीला म्हणालात, तुझ्या आईला वाचनाची खरी जाण आहे. (ती सगळी पुस्तकं कपाटात उभी आहेत. एकाचंही पान दुमडलेलं नाही, यावरून तरी तुम्हाला संशय यायला हवा होता.)

असो. बारानंतर कधीही, असं मी वर ठोकून दिल्यावर जावई निवांत झाले. चाकात हवा भरून झाली. मग रस्त्याकडेला एक बादल्यावाला बसला होता. झाकणाची बादली मला केव्हापासून हवी होती. गाडी मी थांबवली, कोणी मागणी केली नव्हती. घासाघीस करायला अर्धा तास घेतला, बादलीत पाणी ओतून गळते का ते पाहिलं, झाकण चार वेळा लावून पाहिलं. साडेअकरा वाजले होते आणि तिथून धक्का जेमतेम वीस मिनिटांवर. एवढा हिशोब मलाही येतो, जोडाक्षरं लागत नाहीत त्याला. पण वेळ भरपूर आहे असं मीच सांगितलं होतं, तेव्हा परत जाऊन निळीऐवजी हिरवी बदलून घेतली.

साडेबाराला धक्क्यावर पोचलो. पाणी गेलेलं. जिथे समुद्र असायला हवा तिथे चिखल, आणि लोखंडी शिडी चिखलात उतरून उगीच उभी. बोटवाला बोटीच्या सावलीत जेवत होता. त्यानं घास न थांबवता सांगितलं की बारानंतर बोट हलत नाही, आम्ही आलो नाही म्हणून उद्या दुसऱ्या किनाऱ्याचं भाडं घेतलंय, आणि परवापासून बंदच. पलीकडे बेटाच्या काठावर माणसं उभी दिसत होती, तिळाएवढी. त्यातल्या एकानं काहीतरी हलवलं. रुमाल असेल. तुम्हीही हात हलवलात, मग खाली केलात.

मग तुम्ही जावयांवर बरसलात. भर धक्क्यावर, बायकोदेखत, बोटवाल्यादेखत. लहानपणापासून वेळेचं भान नाही, एक कागद वाचता येत नाही, यापुढे तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही. (कागद वाचता येत नाही हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी बादलीचं झाकण लावत होते. ते नीट बसलेलंच होतं.) जावयांनी माझ्याकडून कागद घेतला, वाचला, माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं, म्हणजे चिखलाकडे. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, “माझीच चूक झाली, आई.” कुठल्या आईला म्हणाले, ते तुम्हाला तेव्हा कळलं नाही. मला कळलं.

आणि मी गप्प बसले. ज्या बाईनं भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही, ती घर येईपर्यंत चार तास मांडीवर बादली घेऊन गप्प. लेक म्हणाली, आईला फार लागलं बिचारीला. (बिचारी!)

त्याला आता तीन आठवडे झाले. तुम्ही मुलाचा फोन उचलत नाही, हे लेकीकडून कळतं. जावई रविवारी आले, माझा गळका नळ बसवला, चहा घेतला, गेले. एक अक्षर बोलले नाहीत, टोमणासुद्धा नाही. एखादा तरी मारायचा. मी त्यांना लग्नात बावळट म्हटलं होतं, अजून मनात तेच म्हणत होते. त्या रविवारी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, तोंड उघडलं, आणि म्हणाले काय, तर नळ फार घट्ट बसवलात. तेव्हा समजलं की तोंडानं हे काही निघायचं नाही, आणि शिंपिणीकडे उतरले.

तुमच्या बेटाची मी भरपाई करू शकत नाही. पण मुलगा तुमचा हकनाक बोलणी खाऊन बसला आहे. तो वेळेवर पोचत होता, मी त्याला उशिरा पोचवला. मला काय वाटेल ते बोला. सोयरी आहे म्हणून हात आखडू नका.

तुमची,
विहीण

ता. क. लेकीला यातलं काही कळू देऊ नका. ती मला अजूनही लग्नपत्रिका वाचून दाखवायला सांगते आणि मी म्हणते, तूच वाच, तुझा आवाज गोड आहे.

ता. क. दुसरा. बोटवाल्याला मी फोन केला होता. बोटी चार महिन्यांनी सुरू होतात. बेटावरची तुमची पोरं अजून विचारतात, बाई कधी येणार, म्हणून. रस्ता तुम्हीच आखा, पण कागद तुम्ही धरा. गोळी मी घेते.

ता. क. तिसरा. शिंपीण जेवायला गेली. हे मी लिहिते आहे. चूक माझी. लेकाशी बोला. आधी फोन करा, मग मला काय ते बोला. तो गुणी आहे. माफ करा. यात एकही जोडाकशर नाही, तरी लिहायला तीन आठवडे लागले.