म्हातारी हरिणी एका बाजूनं चावते

चि. रंभा हिला थोरल्या अक्काचा पोटभर आशीर्वाद.

तुला एक बहीण आहे आणि ती सोलापुरात राहते, एवढं आठवत असेल तर पुढचं ऐक. परवा फोन तूच लावलास आणि वर मलाच विचारलंस, 'कोण बोलतंय?' मी म्हटलं, 'राँग नंबर.' तर 'बरं बरं' म्हणून ठेवूनही दिलास! म्हणून आता पत्र. बोललेलं तू विसरतेस, कागद देवळीत राहील. नातवाकडून, अभिमन्यूकडून, रोज वाचून घे. तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझ्या सुनेचा राग, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते.

लिहून घेतेय माझी नात चेतना. (मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' लिहिते असा मला संशय आहे, पण अक्षरओळख नसलेल्या बाईनं लेखणीशी भांडू नये.) तिची विद्या लई न्यारी. रानातली जनावरं म्हातारी कशी होतात नि का होतात, हे ती शिकते. मी म्हटलं, त्यासाठी काळविटांमागं नान्नजच्या माळावर उन्हात कशाला जातेस, मला समोर बसव की! तर म्हणते, पूर्वी शिकल्यासवरल्यांना वाटायचं, रानात कुणी म्हातारं होतच नाही, त्याआधीच लांडगा नेतो. पण एकाच कळपावर वर्षानुवर्षं नजर ठेवली की म्हातारपण दिसायला लागतं. त्यातही नर लवकर खचतात, कारण ऐन उमेदीत हद्दीसाठी शिंगाला शिंग लावून झुंजतात. (मला तुझ्या दाजींची आठवण आली. त्यांचा जन्म बांधावरून भांडण्यात गेला.) मी विचारलं, मग हे म्हातारपण ठेवलंच कशाला? ती म्हणाली, जो गुण तरुणपणी कामाला येतो तोच पुढं छळत असला तरी टिकतो. कारण छळायला लागेपर्यंत लेकरं झालेली असतात, आणि तो त्यांच्यात उतरलेला असतो. मला लगेच पटलं. मला बघायला आले तेव्हा मी आख्खी सुपारी दातानं फोडून दाखवली आणि त्यावरच सासू भाळली, हे तू डोळ्यानं पाहिलंयस. (आठवत असेल तर.) त्या सुपारीवर संसार उभा राहिला, लेकरं झाली, आमच्या अनिलकुमारचा जबडाही माझ्यावरच गेला. आणि आता तेच दात मला सोडून चाललेत.

पण हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं ते असं. गेल्या रविवारी चेतना मला माळावर घेऊन गेली. झुडपाआड बसायचं, खोकायचं नाही, बोलायचं नाही. (मी! बोलायचं नाही!) थोड्या वेळानं काळविटाची एक म्हातारी मादी चरत जवळ आली. चेतना दुर्बीण लावून पुटपुटायला लागली: दाढा झिजल्यात, एकाच बाजूनं चावते, घास अर्धवट टाकून देते, अशी हरिणी भोवती गवत असून उपाशी मरते. मी आपली भाकरीचा तुकडा गालात धरून गुमान ऐकत होते. तेवढ्यात दुर्बीण माझ्याकडं वळली. 'आजी, तू पण एकाच बाजूनं चावतेस! आणि तो तुकडा मघापासून तिथंच आहे!' मी म्हटलं, 'व्हय, मुरत घातलाय!' हे इतक्या मोठ्यानं निघालं की सगळा कळप उधळला. ती म्हातारी तेवढी जाता जाता थांबली आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हणतेय, बाई, तुझंही बिंग फुटलं का!

घरी पोचेस्तोवर आमच्या सुनेनं, इंद्रायणीनं, दातांच्या डॉक्टरकडं गुरुवारची वेळ घेतलीसुद्धा. (तिच्याकडं फोनवरून चुगली कुणी केली, ते लिहिताना लेखणी अडखळते आहे.) उरलेले काढून कवळी बसवायची म्हणे. मी साफ सांगितलं, हरिणी कुठं कवळी बसवते? चेतना म्हणाली, 'म्हणूनच मरते की, आजी.' त्यावर मी म्हटलं, जेवायला वाढ.

बाकी सगळं ठीक. काळजीचं कारण नाही.

तुझी,
लीलाअक्का

ता. क. गुरुवारी सकाळच्या एसटीनं ये. मी भीत नाही. पण तुझी दाढ काढताना तू माझा हात इतका आवळलास की बांगड्या पिचल्या. आता हात द्यायची पाळी तुझी आहे.

ता. क. (हा माझा, चेतनाचा. आजी चहा ठेवायला गेलीय.) रंभाआजी, नक्की ये. 'मी भीत नाही' हे तिनं पुन्हापुन्हा सांगितलं, मी एकदाच लिहिलंय. हल्ली ती जेवत नाही, नुसती जेवल्यासारखं करते. तू नाही आलीस तर ती जाणार नाही.

ता. क. मी चहा ठेवून आले तरी ही खरडतेच आहे. एवढं काय लिहिलं कोण जाणे. असो. येताना शिरा नको, हुरडा नको, मऊ काहीसुद्धा नको. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी आण, चांगली खडखडीत, फडक्यात बांधून. ती महिनाभर टिकते. तोवर मला दात येतील.