तुम्ही अर्धं गाव पाहिलंच नव्हतं

अण्णा,

आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते कधी जमलं नाही, कारण तुम्ही भांडतच नव्हता. खाली मान घालून ऐकून घ्यायचात, पायात चपला सरकवायचात आणि शाळेकडं निघायचात. मागं उरायची आई, आणि भांडण तिच्या पदरात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी चाळिशी ओलांडली, केसांना रंग लावायला लागले, तरी आज भरदुपारी तुमची आठवण आली आणि डोळ्यात पाणी येण्याऐवजी रागच आला. म्हटलं, येऊ दे. राग तरी ताजा आहे.

मी लातुरात मुलींच्या एका वसतिगृहात संगणकाची खोली सांभाळते. भूकंपानंतर गाव सोडून सामानाची पेटी घेऊन आपण इथं उतरलो होतो, ते लातूर आता तुम्हाला सापडायचं नाही. गल्लोगल्ली शिकवण्या, भिंतीभर पास झालेल्या पोरापोरींचे फोटो, खाली खानावळी आणि झेरॉक्स, वर कॉटला कॉट लावून झोपणारी लेकरं. मी नांदेडला आत्याकडं राहून कॉम्प्युटर शिकायचं म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "बी.एड. कर. यंत्राला माणसाची पारख नसती." तरी मी गेलेच. आज उत्तर देते. पारख तुम्हालाही नव्हती.

आज डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती भरायचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पान बंद होणार होतं. देवणीकडची एक पोरगी सकाळपासून खोलीत बसलेली. दुसऱ्यांदा परीक्षा दिलेली, गुण बरे आलेले, शेजारी तिचा मामा. ती पत्ता टाकायची आणि पडद्यावर लाल त्रिकोण यायचा, 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. सगळ्या मशीनवर तेच. मागं आणखी पोरींची रांग लागलेली. पोरींना इथं मोबाइल ठेवू देत नाहीत, आणि मामाच्या मोबाइलवर तो लांबलचक फॉर्म अर्धाच दिसत होता. पोरीनं मला हळूच विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं का?" मग आणखी हळू म्हणाली, "यंदा न्हाई झालं तर घरचे स्थळ बघून राहिलेत."

मामा घाईला आलेला. "ते खाली बारीक अक्षरात तरीही पुढं जा म्हनून हाय न्हवं, दाबा की मॅडम. लई येळ झाला." तेवढ्यात वसतिगृहाचे व्यवस्थापक सर दारात आले. त्यांनी लांबूनच निकाल दिला, "साइट बोगस दिसते. बंद करा. उगं आपल्या अंगावर यायचं." एकाला डोळे झाकून पुढं जायचं होतं आणि दुसऱ्याला डोळे झाकून दार लावायचं होतं. मी म्हटलं, "सर, थोडा वेळ कुणी बोलू नका." त्यांना अशा बोलण्याची सवय नाही. माझं काय करायचं ते करतील, म्हटलं, आणि माउस हातात घेतला.

अण्णा, तो लाल त्रिकोण काय सांगतो ते तुम्हाला समजावून सांगते, कारण तुम्ही असतात तर त्याला सरळ 'खोटं' म्हणाला असतात. तो एवढंच म्हणतो की समोरच्याची ओळख मला पटलेली नाही. सरकारी शिक्क्यासारखं प्रत्येक साइटजवळ एक प्रमाणपत्र असतं. ब्राउझर त्या साइटला काही जन्मापासून ओळखत नाही. तो बघतो, हिची ओळख कोण देतंय, आणि तो ओळख देणारा माझ्या विश्वासातला आहे का. तेवढी साखळी जुळली नाही की तो अडवतो. अडवतो ते बरोबरच करतो. पण अडवल्यावर माणसानं बघायला पाहिजे ना, कडी तुटली कुठं.

मी बघितलं. आधी मशीनची तारीख, कारण ती चुकली तरी हेच होतं. तारीख बरोबर होती. मग साइटच्या नावाचं एकेक अक्षर लावून पाहिलं. नाव बरोबर. प्रमाणपत्राची मुदतही चालू. मग ते दिलंय कुणी ते उघडलं, आणि माझंच डोकं गरम झालं. तिथं भलतंच नाव होतं. पोरींनी व्हिडिओ बघू नयेत म्हणून सरांनी परवाच कुणाकडून तरी एक फिल्टरचा डबा बसवून घेतला होता. सगळी लाइन त्या डब्यातून जायची, आणि प्रत्येक साइटची ओळख तो डबा स्वतःच्या सहीनं द्यायचा. साइट खरी, पोरगी खरी, मशीनही ठीक. मधे डबा उभा होता, त्याची सही ब्राउझरच्या विश्वासातली नव्हती. खात्री करायला मामाच्या मोबाइलचं नेट मशीनला जोडलं. तेच पान, त्रिकोण नाही, काही नाही, लख्ख उघडलं.

आणि तिथं मला तुम्ही दिसलात.

भूकंपानंतरचे दिवस. आपण शाळेच्या खोलीत पत्र्याखाली राहत होतो म्हणून वाचलो, जड मातीच्या छताची माळवदं गेली. लोकांची कागदपत्रं मातीत गाडलेली, सरपंच गेलेले, तलाठी नवीन. लिंबाखाली टेबल टाकलंय. मदतीची यादी करणारे सरकारी साहेब एकेकाला पुढं बोलावतात आणि तुमच्याकडं बघतात. तुम्ही म्हणता, "हाव साहेब, हा अमक्याचा लेक, माझ्या हाताखाली शिकला," की नाव लागतं. नाव लागलं की पत्र्याचं शेड आणि पुढं नव्या गावठाणात घर. गावाला केवढा अभिमान तुमचा. मी तुमच्या खुर्चीला धरून उभी आहे. मलाही आहे.

मग ती आली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासरचं सगळं घर गेलेलं, ती एकटी ढिगाऱ्यातून निघालेली. साहेबांनी विचारलं, "गुरुजी, ओळखता का?" आणि तुम्ही म्हणालात, "न्हाई साहेब. मी खोटं बोलणार न्हाई."

खोटं बोलला नव्हता तुम्ही, हे मला मान्य आहे. गावातल्या लेकी तुमच्या शाळेत शिकल्या, त्या तुम्हाला ठाऊक. सुना कशा असणार? सुना समोरून आल्या की पदर ओढून कडेला व्हायच्या आणि तुम्ही खाली बघून पुढं जायचात. त्यालाच तर गाव तुमचा सज्जनपणा म्हणायचं. ती म्हणाली, "गुरुजी, म्या रोज तुमच्या शाळंसमोरनं पानी आनत व्हते की. तुमी खाली बघत जायचे, म्या पदर घ्यायचे." आणि सगळ्या गावासमोर तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. "आता तरी वर बघा की."

तुम्ही वर बघितलं नाही.

मी ओरडले, "अण्णा, ही हापशावरची वैनी हाय! माझी घागर उचलून देती!" ती मला पिल्ला म्हणायची, तिच्या देगलूरकडच्या माहेरात तेलुगूत पोरीला तसं म्हणतात. तुम्ही माझा दंड धरून मला मागं ओढलंत. "गप. लहान तोंडी मोठा घास घेऊ नको." साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. दोन-चार दिवसांनी तिचा भाऊ आला आणि ती त्याच्या मागं एका ट्रकमध्ये चढून गेली. त्या घराच्या नावावर पुढं तिच्या नवऱ्याचा एक लांबचा चुलता उभा राहिला. त्याला तुम्ही ओळखत होतात. तो तुमच्या शाळेत शिकला होता.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुमाला म्हाईत नव्हतं तर मला इचारायचं. मी वळखते की तिला. समद्या बाया वळखतेत." तुम्ही म्हणालात, "साहेबांनी मला विचारलं होतं." आणि चपला घातल्यात.

अण्णा, राग आहे तो या एका वाक्याचा. माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. पण साऱ्या गावाची ओळख तुमच्या एकट्यातून जाणार होती आणि तुम्ही अर्धं गाव पाहिलंच नव्हतं. चार पावलांवर आई होती. तुम्ही तिला हाक मारली नाहीत. ज्या यंत्राला पारख नसती म्हणालात, तेसुद्धा स्वतःला माहीत नसलं की ओळखणाऱ्याला विचारतं.

मामाच्या नेटला दम नव्हता, पान अर्ध्यात अडकायला लागलं. मी उठले, डब्यातली वायर उपसून काढली आणि लाइन सरळ मशीनना जोडली. सर म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही, पोरी व्हिडिओ बघत बसतील." मी म्हटलं, "बघू द्या. आधी फॉर्म भरू द्या." "जबाबदारी कुणाची?" "माझी." देवणीच्या पोरीनं पसंती भरली, दोनदा वाचली, पान बंद व्हायच्या आत पाठवली. मामानं कपाळाचा घाम पुसला आणि मला नमस्कार घातला. रांगेतल्या बाकीच्या पोरींचंही झालं. उद्या मला ऑफिसात बोलावलंय. जाणार आहे, आणि वर बघून बोलणार आहे. नोकरी गेली तर गेली, नांदेडला आत्याची खोली अजून रिकामी आहे.

हे पत्र लिहून तुमच्या फोटोमागं ठेवायचं असं ठरवलं होतं, तिथनं तुम्हाला चपला घालून निघून जाता आलं नसतं. पण लिहिता लिहिता अडले. एवढी वर्षं मी ज्याला त्याला सांगत आले की मी तिला ओळखत होते. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात, घागर वर देताना 'धर पिल्ला' म्हणायची तो आवाज आठवतो. चेहरा आठवत नाही. खूप वेळ डोळे मिटून बसले, नाही आला. उद्या ती दारात येऊन उभी राहिली आणि मला कुणी विचारलं, तर मलाही नाहीच म्हणावं लागेल. हे तुम्हाला कळायला नको. पत्र ठेवत नाही.