माही

मास्तर, तुम्ही कागदावर काढून दिलेला मासा अजून माझ्याजवळ आहे. कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा, पोटाखाली दिव्यांची रांग. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या आमच्या मंठ्याला प्यायच्या पाण्याची मारामार, आणि तुम्ही आम्हा मुलींना सांगताय, सूर्याचा उजेड जेमतेम पोचतो असल्या खोल समुद्रात काय काय राहतं ते. "ही आख्खी प्रजाती हाय. बोटाएवढे मासे, पण दिवे संग घेऊन फिरतात. कशाला, ते मला बराबर ठाऊक न्हाई."

तुमचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजामाची राजवट गेली, शाळा मराठी झाली, आणि वर्गात पुन्हा उर्दू ऐकू आली तर नोकरी जाईल, अशी तंबी तुम्हाला मिळाली होती. तरी एकदा बोलून गेलात, उर्दूत माशाला माही म्हणतात. आम्ही खिदळलो, कारण आमच्या बोलीत माही म्हणजे माझी. आमच्या मारवाडी जैन घरात मासा हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नसे. माही हा शब्द मात्र मी आईसमोर खुशाल पुटपुटायचे.

मग तपासणीला साहेब येतात. माझी वही उचलतात, आत ठेवलेल्या तुमच्या चित्रावर बोट ठेवतात. "काय आहे हे?" मी ताडकन उभी राहते. "माही."

"मास्तर, अजून उर्दूच चालू आहे वाटतं?"

तुम्ही लगबगीनं पुढे आलात. "न्हाई साहेब. वही माही हाय, असं म्हणून राह्यली पोरगी. इथली बोलीच तशी."

"खरं का गं?" साहेबांनी मला विचारलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी जमिनीकडे बघत राहिले.

आठवडाभरात तुमची नोकरी गेली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "घाबरलीस ना. मंग काय करणार तू तरी." दोन वर्षांनी वडिलांनी जेवताना सांगितलं, मास्तर वारले. मी ताटातलं सगळं संपवलं. तेव्हा काही वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही.

पुढे एका पुस्तकात ते दिवे कशासाठी ते वाचलं. खालून बघणाऱ्याला माशाची सावली दिसू नये म्हणून. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

हे पत्र त्याच वहीत ठेवते, पाठवणार कुठे? मी घाबरले नव्हते, मास्तर. मी माशालाच माही म्हटलं होतं. मान हलवली असती, तर तो शब्द मला येतो हे साहेबांना कळलं नसतं.