डाव्या बॅकचा शेंगदाणा

शुक्रवार संध्याकाळ, महबूला, कुवेत

रविवारी कोल्हापुरात आमच्या कॉलेजची फुटबॉलची फायनल, तीही त्यांच्याशीच. त्यांच्याशी म्हणजे दिलप्याच्या कॉलेजशी. एके काळी तो त्यांचा स्टॉपर, मी आमचा फॉरवर्ड. एकमेकांच्या नडग्या फोडल्यात. आता एकाच बिल्डिंगमध्ये राहतो.

आज चहाला आला आणि ताटलीत शेंगदाणे मांडून त्यांची अख्खी टीम उभी केली. गोलकीपर उंच, मधली फळी दमदार. मग डाव्या बॅकचा शेंगदाणा पुढं सरकवला. "ह्यो वर गेला की लवकर मागं येत नाही. तुमच्या पोरांना सांग, तिथनंच घुसा."

"लेका, स्वतःच्याच टीमचं गुपित फोडतोस?"

"मग कुणाशी बोलू? इथं दुसऱ्या कुणाला कळतंय?"

खरंच की. माझा मुलगा नुसता "ओके, बाबा" म्हणतो. त्यांच्यावर मारलेला माझा तो हेडरचा गोल पाहिलेला या देशात दिलप्या एकटाच. अजून ऑफसाइड म्हणतो, गाढव.

उद्या तो कायमचा गावी चाललाय. रविवारी त्यांच्या गॅलरीत बसेल. बाकीचे शेंगदाणे बोलता बोलता संपले, डावा बॅक तेवढा ताटलीत उरलाय. खाववेना.

आम्ही जिंकलो, तर इथं चिडवू कुणाला?