मिठाची खूण
लोहारा, मंगळवार, १९४४

धाकटी जाऊ गंगव्वा लग्न होऊन आली तशी गप्पच. तिला फक्त कानडी येतं, मला मराठी. आज मी बरणीवर गेरूनं छोटा ढीग काढला आणि म्हटलं, "मीठ." शेजारची नूरबी म्हणाली, "नमक." गंगव्वा हळूच बोलली, "उप्पु."

खूण एकच, अन् तिघींनी आपापल्या बोलीत वाचली! मला आधी कसं सुचलं न्हाय?

मग गेरू तिनंच घेतला. चुलीमागच्या भिंतीवर खेटून बसलेल्या दोन बाया काढल्या. मी वाचलं, "जावा." नूरबी म्हणाली, "सहेलियां." गंगव्वा माझ्याकडं बघून हसली, "अक्का, तंगी." थोरली बहीण, धाकटी बहीण. एवढं कानडी मला कळतं.

उद्या ती भिंत सारवायची होती. आता कशाची सारवते!