तळटिपेतलं नाव

सोलापूर, १६ जानेवारी २०२५

ती. मुकुंददादास,
ज्ञानदाचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र का, ते ऐक. रविवारच्या पुरवणीत माझा न्गाबो न्गावांग जिग्मे यांच्यावरचा लेख आला. तिबेटचे हे मंत्री १९५० साली चामदोत चिनी सैन्याला शरण गेले, पुढच्या वर्षी बीजिंगला सतरा कलमी करारावर सही केली आणि नंतर चीनमध्येच मोठ्या पदांवर राहिले. कुणी त्यांना गद्दार म्हणतं, कुणी म्हणतं, त्यांनी माणसं वाचवली. मी लिहिलं, सही करायला नको होती.

थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या, मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतल्या पेमाताई तुला माहीत आहेत. त्यांचे म्हातारे चुलते अजून तिकडे चामदोकडे, चिनी अमलाखालीच राहतात. ते पेमाताईंना म्हणाले होते, की न्गाबो शरण गेल्यामुळे सैन्यातले आपले वडील जिवंत घरी आले, पण सहीनंतर घर आपलं राहिलं नाही. हे वाक्य मी घेतलं आणि सवयीने तळटिपेत त्यांचं नाव-गाव दिलं. लेख इंटरनेटवरही आहे. पेमाताई तो वाचून स्टुलावर बसूनच राहिल्या. म्हणाल्या, ताई, नाव कशाला घातलं. लेख आल्यापासून चुलते फोन उचलत नाहीत. मलाही पेमाताईंनी याबद्दल फोनवर बोलायला मना केलंय.

नावाशिवाय वाक्य वापरू नका, हे कॉलेजात मुलांना मीच शिकवते. दादा, मी काय करून बसले?

लोभ आहेच, सध्या थोडा जास्त लागेल.
तुझी ज्ञानदा

मंगळवेढा, २० जानेवारी

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

रविवारच्या पुरवणीत तळटीप छापून आणणारी अख्ख्या जिल्ह्यात तू एकटीच. वहिनीने त्या पानात शेजाऱ्यांना हुरडा बांधून दिला, म्हणजे आमच्याकडून तरी ते चीनला जाणार नाही.

म्हातारं माणूस, आजारी असेल, असं लिहिणार होतो. माझं मलाच पटेना. आधी इंटरनेटवरून लेख काढायला लाव. मग पेमाताई सांगतील ते कर. तुझ्या मनाला काय पटतं, ते मागाहून बघू. एकटी घाबरत बसू नकोस, शनिवारी एसटीने ये.

माया आहे तशीच आहे.
दादा

सोलापूर, २४ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

लेख काढला, पण त्याचे फोटो आधीच फिरलेत. पेमाताईंचं एकच मागणं आहे: असा माणूसच नाही, वाक्य मी रचलं, असा खुलासा मी छापायचा. संपादक म्हणतात, छापतो, पण पुन्हा तुमचं काही घेणार नाही. प्राचार्यांनी विचारलं, मॅडम, मग मुलांपुढे कशा उभ्या राहाल.

खुलासा लिहून ठेवलाय, खाली सही तेवढी नाही. त्याने चुलते वाचतील का, कुणालाच ठाऊक नाही. न्गाबोंना तरी कुठे ठाऊक होतं, असं मनात येतं आणि लाज वाटते; माझी फक्त अब्रू जायची आहे. कुरिअरवाल्याने दार वाजवलं तरी आधी खिडकीतून बघते. शनिवारी येणं जमणार नाही. रागावू नकोस.

तुझी ज्ञानदा

सोलापूर, ३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

सही केली. काल खुलासा छापून आला. आज वर्गात एका मुलीने विचारलं, मॅडम, बाकीच्या तळटिपा तरी खऱ्या आहेत का. सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी पेमाताईंकडे गेले. त्या गठ्ठे बांधून मुंडगोडला निघाल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, ताई, चुलत्यांचं कळलं. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. इतके दिवस तेवढंच ऐकायला कानात प्राण आणून बसले होते. पण मला जे ठाऊक नाही, ते माझ्या हातून कुठे छापलं जाणार नाही. त्यांच्या चेहऱ्याकडेही पाहिलं नाही. गठ्ठ्याची दोरी ओढून धरली.

तूही मला कधी विचारू नकोस. एवढा लोभ ठेव.

तुझी ज्ञानदा